टक्का चढला म्हणजे धोका चढला असे नव्हे

मा. संपादक,
स.न.

लघुग्रहाच्या धोक्याचा शेअर बाजारावर काय परिणाम होईल, हा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. विषय चांगला, पण सोबतचा आलेख खटकला. ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता कशी वाढत गेली, हे त्यात तेजीतल्या शेअरसारखे रंगवले आहे. खाली प्रश्न, ‘सोन्याकडे वळावे का?’ जोखमीची गणिते मांडण्यात माझे नोकरीतले आयुष्य गेले, म्हणून राहवले नाही.

शेअर चढतो तेव्हा कोणीतरी तो विकत घेत असते. इथे तसे काही घडत नाही. सुरुवातीला लघुग्रहाची कक्षा ढोबळच माहीत असते, त्यामुळे त्या दिवशी तो जिथे असू शकेल तो पट्टा प्रचंड लांब निघतो. पृथ्वीने त्यातली शंभरातली एक जागा अडवली असेल, तर शक्यता १ टक्का. नव्या निरीक्षणांनी पट्टा आक्रसून तिसऱ्या हिश्शावर आला आणि पृथ्वी अजून आतच राहिली, की तीच शक्यता ३ टक्के. दगड होता तिथेच आहे, आपले अज्ञान तेवढे कमी झाले. पट्ट्याचे टोक पृथ्वीवरून सरकले की आकडा कोसळतो. ‘वायआर४’चेही तसेच झाले: १८ फेब्रुवारी २०२५ रोजी ३.१ टक्के, दुसऱ्या दिवशी १.५, तिसऱ्या दिवशी ०.२८ आणि २४ तारखेला ०.००४ टक्के. २००४ च्या डिसेंबरात ‘अपोफिस’ या लघुग्रहाचा आकडाही २.७ टक्क्यांवर जाऊन असाच खाली आला होता.

बाजाराने काय केले? १८ फेब्रुवारीला अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक विक्रमी पातळीवर बंद झाला. १९ तारखेला आणखी वर. लघुग्रहाचा धोका टळल्यावर मात्र तो घसरू लागला, आणि एप्रिलमधली मोठी पडझड तर आयातशुल्काच्या धास्तीने झाली. दोन्ही आलेख शेजारी छापले असते, तर बाजाराला लघुग्रह आवडतात असाच निष्कर्ष वाचकाने काढला असता!

लेखात एक गोष्ट पूर्ण सुटली आहे. साठेक मीटरचा दगड जग बुडवत नाही, पण तो शहरावर आला तर ते शहर उद्ध्वस्त होऊ शकते. २०१३ मध्ये रशियातल्या चेल्याबिन्स्कवर फुटलेला दगड वीसेक मीटरचाच होता. तरी खिडक्यांच्या काचा फुटून दीड हजारांच्या आसपास माणसे जखमी झाली. त्यामुळे खरी झळ निर्देशांकाला नाही, पृथ्वीवर जिथे तो पडू शकेल त्या पट्ट्यातल्या घरांना बसेल. ‘वायआर४’चा असा संभाव्य पट्टा पूर्व प्रशांत महासागरापासून अरबी समुद्र आणि दक्षिण आशियापर्यंत होता. समजा, आकडा खाली आलाच नसता. घराचा विमा सहसा वर्षावर्षाचा असतो. शेवटच्या नूतनीकरणाला कंपनीने ‘उल्कापात वगळून’ एवढे दोन शब्द घातले की ती मोकळी. वीस वर्षांचे गृहकर्ज मात्र घरमालकाच्या मानेवर तसेच. पट्टा जसजसा अरुंद होईल तसतशा त्यातल्या जमिनी कवडीमोल आणि बाहेरच्या महाग.

म्हणूनच मला सोन्यापेक्षा वेळेची काळजी वाटते. अशा लघुग्रहाचे एखादे निर्णायक निरीक्षण मोजक्याच दुर्बिणींतून होते. ते हाती आल्यापासून जाहीर होईपर्यंत काही तास जात असतील, तर ज्यांना ते आधी कळले त्यांना तेवढ्या वेळात एका प्रदेशातले रोखे आणि विमा कंपन्यांचे शेअर विकता येतात. व्याजदराचा निर्णय मात्र ठरलेल्या मिनिटाला सर्वांना एकदम कळतो. आकडा १ टक्क्यावर गेल्यावर जगाला इशारा द्यायची पद्धत खगोलशास्त्रज्ञांनी आखली आहेच. त्याच घोषणेला ठरलेली वेळ जोडायला काय हरकत आहे? आपल्या लेखकाने यावर जरूर लिहावे.

१३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे. तो आदळणार नाही हे नक्की झाले आहे. त्या आठवड्यात सोन्याच्या जाहिराती येतीलच. आपल्या अर्थपानावर त्यांच्या शेजारी ‘अपोफिस आदळणार नाही’ हे वाक्यही असावे, एवढीच विनंती.

आपला,
एक नियमित वाचक