गॅस भरण्याआधी पंखा बघणाऱ्या मेकॅनिक दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

दुरुस्त झालेली गाडी न्यायला आले तेव्हा घाईत नुसतं "थँक्यू" म्हणून निघाले. तेवढ्यावर भागणार नाही, म्हणून हे पत्र. ज्यांच्या गाडीचा एसी असाच छळतोय त्यांनाही वाचता यावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

तुमच्याकडे येण्याआधी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये "गॅस कमी झालाय" असं सांगून, गॅसचं प्रेशर मोजणारं गेजही न लावता गॅस भरून दिला होता. त्यानंतर त्रास वाढला. सिग्नलला थांबलं की पूर्वीपेक्षा लवकर गरम वारा यायचा. आता कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) बदलायची तयारी ठेवा, असंही तिथे सांगितलं. माझ्या आईला उकाडा सोसत नाही, त्यामुळे दुपारी तिला गाडीतून कुठे नेणंच बंद झालं होतं.

तुम्ही बॉनेटला हात लावण्याआधी विचारलंत, "चालत्या गाडीत गार लागतं का?" लागतं, म्हटल्यावर तुम्ही थेट कंडेन्सरच्या पंख्याकडे वळलात. मला तो संबंध कळेना, तेव्हा हातातलं काम ठेवून समजावलंत. आतली उष्णता उचलून आणलेला गॅस ती कंडेन्सरमध्ये, म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूच्या जाळीदार भागात, बाहेर टाकतो. गाडी पळत असली की समोरून वारा मिळतो, उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर. पंखा बंद असेल तर गॅसचं प्रेशर चढत जातं आणि शेवटी गाडी स्वतःच कॉम्प्रेसर बंद करते.

तरी केवळ अंदाजावर तुम्ही थांबला नाहीत. गेज लावलंत. गाडी उभ्या जागी चालू होती आणि हाय साइडचा, म्हणजे जास्त प्रेशरच्या बाजूचा, काटा ३०० पीएसआयच्या (प्रेशरचं माप) पुढे सरकत होता. मग हेल्परला कंडेन्सरवर पाण्याचा पाईप धरायला सांगितलंत. बघता बघता काटा खाली आला आणि आतल्या जाळीतून गार हवा यायला लागली! कॉम्प्रेसर ठणठणीत आहे हे मला त्या क्षणी डोळ्यांनी दिसलं. एवढा मोठा खर्च टळला तो या साध्या चाचणीमुळे.

फ्यूज आणि रिले (पंख्याचा करंट चालू-बंद करणारा स्विच) बघितलेत, दोन्ही ठीक. कनेक्टरपर्यंत करंट येत होता. पंख्याच्या मोटरवर स्पॅनरच्या मुठीने हलकेच ठोकलंत तर तो दोन गिरक्या घेऊन पुन्हा थांबला. मोटरच्या आत करंट पोचवणारे ब्रश झिजलेत, म्हणालात. मोटर बदलली.

माझ्या दृष्टीने काम तिथेच संपलं होतं. पण आधी भरलेला गॅस जास्त असणार हे तुम्ही सोडून दिलं नाहीत. तो हवेत न सोडता मशीनने काढून घेतलात, आणि तेही मला फार मोलाचं वाटतं, कारण या आर-१३४ए गॅसचा एक किलो १०० वर्षांच्या हिशोबात सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ करतो. बॉनेटखालच्या स्टिकरवर ४५० ग्रॅम लिहिलेलं, निघाला ६०० च्या वर. पाइपांमधली हवा ओढून व्हॅक्यूम मारून, तो टिकतोय ना, म्हणजे कुठे गळत नाही ना, हे बघून, पुन्हा बरोबर वजनाने भरलात. "गॅस पेट्रोलसारखा जळत नाही ताई. खूपच कमी झाला तर कुठेतरी गळतोय, ते शोधायचं. नुसता भरत राहायचं नाही." हे तुमचं वाक्य मी आता भेटेल त्याला सांगते. सांध्यावर तेलकट डाग दिसला तर तिथे आधी बघायचं, हेही.

आता उभ्या गाडीतही जाळीपाशी थर्मामीटर ७ अंश दाखवतो. आई परवा भर दुपारी माझ्याबरोबर बाहेर पडली आणि येताना मागच्या सीटवर झोपून गेली.

दादा, तुम्ही कॉम्प्रेसर बदलायला सांगितला असता तरी मी मान डोलावली असती. तुम्ही खरं कारण शोधलंत आणि ते मला दाखवूनही दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पाईप धरणाऱ्या त्या हेल्परलाही माझा नमस्कार सांगा. काटा खाली येताना "ताई, बघा बघा!" म्हणून मला हाक त्यानेच मारली होती.

तुमची,
एक गाडीमालकीण