पावाचा पायाशी संबंध नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत खाद्यपदार्थांच्या नावांवर आलेल्या टिपणात ‘पीठ पायाने तुडवतात म्हणून पाव’ अशी व्युत्पत्ती दिली आहे. ही गोष्ट इतक्यांदा छापून आली आहे की शाळकरी मुलेसुद्धा ती ठासून सांगतात. ती चुकीची आहे, आणि चूक नेमकी कुठे होते ते दाखवता येते, म्हणून हे पत्र.

मराठीत ‘पाव’ हा एकच शब्द नाही. तीन निराळे शब्द झिजत झिजत एका उच्चारावर आले आहेत. ‘पाव किलो’, ‘पाव चमचा’ यातला पाव संस्कृत ‘पाद’पासून आला. जनावराला चार पाय, त्यातला एक म्हणजे चौथा हिस्सा. श्लोकाच्या चौथ्या भागालाही पादच म्हणतात. प्राकृतात मधला ‘द’ गळून ‘पाअ’ उरले आणि दोन स्वरांमधली फट कुठे ‘य’ने भरली, कुठे ‘व’ने. पाय आणि हा पाव म्हणूनच सख्खी भावंडे. पावशेर, चार आण्यांची पावली, पाऊण, पावणेदोन ही सगळी याच घरातली. पाऊण म्हणजे ‘पादोन’, एक पाव कमी. ‘देवा, पाव’ यातला पाव मात्र ‘प्राप्’ धातूचा. पावतीही तिथलीच: माल किंवा पैसे पावल्याची खूण.

वड्याबरोबरचा तिसरा पाव पोर्तुगीजांचा. लॅटिनमध्ये भाकरीला ‘पानिस’ म्हणत. त्याचे इटालियनमध्ये ‘पाने’ झाले, स्पॅनिशमध्ये ‘पान’, आणि पोर्तुगीजमध्ये शेवटचा ‘न’ विरून जाऊन त्याचा नाकातला सूर तेवढा राहिला. तो शब्द साधारण ‘पांउ’ असा ऐकू येतो. १५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेले आणि हा शब्द भट्टीसकट आपल्या किनाऱ्यावर आला. गोव्यात पाववाल्याला आजही ‘पोदेर’ म्हणतात, तोही पोर्तुगीज ‘पादेइरू’. यीस्टच्या जागी माडाची सूर, म्हणजे माडी, घालून पीठ फुगवणे ही तिथली जुनी रीत.

हे नुसत्या आवाजाच्या साम्यावरून म्हटलेले नाही. परक्या शब्दाचा शेवट आपल्याकडे कसा बदलला, तसाच तो दुसऱ्या एखाद्या शब्दात बदललेला दिसला पाहिजे. इथे तसा शब्द आहे: ‘लिलाव’. मूळ पोर्तुगीज शब्द ‘लेइलांउ’. शेवट हुबेहूब ‘पांउ’सारखा. दोन्हीकडे मराठीने नाकातला सूर सोडला आणि ‘व’ धरला. हिंदीने तोच सूर ‘म’ म्हणून ऐकला, म्हणून तिकडे ‘नीलाम’. जपान्यांनी ‘न’ ऐकला. पोर्तुगीज तिथे १५४३ साली पोहोचले, आणि जपानीत पावाला आजही ‘पान’ म्हणतात. जपानीत पायाला ‘आशि’ म्हणतात. तिथल्या पावात पाय शोधायला कोणी जात नाही. (आपले विड्याचे पान संस्कृत ‘पर्ण’, त्याचा या ‘पान’शी काही संबंध नाही.)

पायाने तुडवण्याची कथा मुळात मराठीत बसतच नाही. आपण पायाला ‘पाय’ म्हणतो. ‘पाँव’ म्हणतात हिंदीत. पावरोटीतला ‘पाव’ तिकडे पायासारखा ऐकू आला आणि गोष्ट जमली. पायाने कणीक तुडवण्याची चाल जगात कुठेच नव्हती असे मला म्हणायचे नाही. इजिप्तचे लोक असे करतात, हे ग्रीक इतिहासकार हिरॉडोटसने फार पूर्वी लिहून ठेवले आहे. पण चाल असणे वेगळे आणि नाव त्यावरून पडणे वेगळे. ‘लादीचा चौथा भाग म्हणून पाव’ हे दुसरे स्पष्टीकरणही टिकत नाही. लादीचे तुकडे चारच असतात असे नाही, आणि गोव्याचा गोल उंडो तर कशाचाच तुकडा नाही.

व्याकरणही साक्ष देते. खायचा पाव पुल्लिंगी नाम आहे, त्याला विभक्ती लागते: पावाला, पावाचा. ‘पाव किलो’तला पाव जागचा हलत नाही: पाव किलोला, पाव चमच्याने. ‘पाव किलो पाव द्या’ हे वाक्य दुकानात कोणालाच बुचकळ्यात टाकत नाही, ते यामुळेच.

आपल्या ‘पाद’चा खरा नातलग पोर्तुगीजमध्ये आहेच, पण तो आहे ‘पे’, म्हणजे पाय. लॅटिन ‘पेदेम’मधला ‘द’ तिकडेही दोन स्वरांच्या मध्ये सापडून आपल्यासारखाच गळला. खरे नाते असे, कानाला चटकन न जाणवणारे असते. याच्या उलट उदाहरण चिनी ‘बाओ’चे. सारण भरून वाफवलेल्या या गोळ्याच्या नावातला ‘ब’ चिनी तोंडून मराठी कानाला जवळजवळ ‘प’ ऐकू येतो, त्यामुळे आपला पाव चीनमधून आला असेही कोणी कोणी लिहितात. बाओ म्हणजे गुंडाळणे. हे नाव सोंग राजवटीपासून, म्हणजे पोर्तुगीज आशियात उतरण्याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधीपासून चालत आलेले आहे. दोन्ही शब्द आपापल्या जागी स्वतंत्र वाढले. हवाई बेटांच्या भाषेत ‘पाउ’ म्हणजे ‘संपले’. तोही असाच, कोणाचा कोणी नाही.

पुरवणीत व्युत्पत्ती छापताना तीन गोष्टी लेखकाकडून मागून घ्याव्यात, ही विनंती: मूळ भाषेतला शब्द, तो इथवर येण्याची वाट व काळ, आणि तसाच बदल झालेला निदान एक जोडीचा शब्द. तिसरी गोष्ट देता येत नसेल तर ‘असे म्हणतात’ एवढे तरी जोडावे. आणि गेल्या रविवारच्या टिपणाची दुरुस्ती त्याच पानावर, त्याच जागी यावी.

आपला,
एक नियमित वाचक