कार्ड देऊन पासपोर्ट काढून घेतात, हे खरं आहे बाबा

बंगळूर, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न.

तुमच्या युरोपातल्या बोटीच्या सफरीबद्दल फोनवर बोलायचा तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा बाबा "बघू" म्हणाले आणि फोन आईकडे दिला. आई म्हणाली, "ते नाहीच म्हणतायत गं, तू पैसे परत मिळतात का बघ." म्हणून लिहायला बसले. बाबा, तुम्ही हातात आलेला कागद पूर्ण वाचता. लाइट बिलाची मागची बाजूसुद्धा सोडत नाही.

टूरच्या मीटिंगमध्ये कंपनीच्या मुलाने सांगितलं, की बोटीवर चढताना पासपोर्ट जमा करायचे, त्या बदल्यात एक कार्ड मिळेल, आठवडाभर तेच वापरायचं. त्यावर तुम्ही उठून बाहेर आलात म्हणे. चहासुद्धा घेतला नाहीत. आईला वाटलं पोट बिघडलं. मला मात्र तिने "कार्ड" म्हटल्याबरोबर कळलं. १९८४ साली दम्मामला उतरलात तेव्हा कंपनीच्या माणसाने विमानतळावरच सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले होते आणि पुढे हातात इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, ठेवला होता. चार वर्षांनी आजी गेली, तेव्हा तुम्हाला कामावर ठेवणारा कफील गावाला आणि कपाटाची किल्ली त्याच्या खिशात. किल्ली आली तर देशाबाहेर जाऊन परत यायच्या परवानगीचा, एक्झिट-री-एन्ट्रीचा, शिक्का बाकी. तुम्ही चिपळूणला पोचलात तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. मी पाच वर्षांची होते. तुम्ही ओटीवर बूट न काढता बसून राहिला होतात आणि कोणी तुम्हाला बूट काढा म्हणत नव्हतं, एवढंच मला आठवतं.

त्यामुळे "घाबरू नका हो, काही होत नाही" असलं काही मी लिहिणार नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही हीच सफर केली तेव्हा काय पाहिलं, ते सांगते.

आधी एक. माहितीपत्रकात व्हेनिस लिहिलंय, पण बोट सुटते त्रिएस्तेहून. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या सान मार्को चौकासमोरून जायला बंदी आहे. बाबांना आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पहिल्याच दिवशी "फसवलं" म्हणाल. त्रिएस्तेच्या हॉटेलातही काउंटरवर पासपोर्ट मागतील. इटलीत पाहुण्यांची नोंद हॉटेलने पोलिसांकडे करायचीच असते. पाच मिनिटांत परत देतात.

बोटीचं वेगळं. तिथे आमच्या रांगेच्या बाजूला एक जर्मन जोडपं होतं. त्यांनी ओळखपत्र दाखवलं, खिशात टाकलं आणि गेले. आमचे पासपोर्ट मात्र ठेवून घेतले. बाबा, झोंबलं मला. व्हिसावाल्यांचे ठेवायचे आणि बाकीच्यांचे नाही, हे कितीही गोड बोलून सांगितलं तरी झोंबतंच. सगळ्याच बोटींवर असं नसतं. कुठे नुसता स्कॅन करून परत देतात, कुठे अर्ध्या वाटेवर देतात. तुमच्या बोटीवर ठेवणार आहेत.

का ठेवतात, तेही ऐका. बोट बंदराला लागली की लगेच कोणी उतरू शकत नाही. आधी किनाऱ्यावरचे अधिकारी कागद बघतात: प्रवाशांची यादी, खलाशांची यादी, वाटलं तर पासपोर्ट. मग बोट 'क्लिअर' होते. हे कागद जगभर एकाच नमुन्याचे असावेत म्हणून १९६५ साली लंडनला आंतरराष्ट्रीय करारही झालाय. दोन-तीन हजार माणसांना सकाळी सहाला पासपोर्ट घेऊन रांगेत उभं करण्यापेक्षा गठ्ठा एकदाच पुढे करणं त्यांना सोपं. शिवाय ज्याचे कागद अपुरे असा माणूस आणला, तर भुर्दंड बोटीला. म्हणजे हे मुळात त्यांच्या सोयीसाठी, आपल्या सोयीसाठी नंतर.

तुमच्या मार्गात कोटोर आहे. ते मॉन्टेनेग्रोत, शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांच्या, बाहेर. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला शेंगेनमध्ये आला, त्यामुळे तिथल्या दुब्रोव्हनिकची काळजी नाही. पण कोटोरला गेलात की तुम्ही शेंगेन सोडलंत, आणि पुढे ग्रीसमधल्या कोर्फूला पुन्हा शिरणार. म्हणून व्हिसावर एन्ट्रीच्या रकान्यात 'मल्ट', म्हणजे अनेकदा शिरता येईल असं, छापलेलं हवं, ०१ म्हणजे एकदाच, ते नको. दोघांचेही व्हिसा काढून आज बघा. आई, तू बघ. बाबा बघून "ठीक आहे" म्हणतील आणि चष्मा लावलेलाच नसेल. कोटोरला आम्हाला बोटीचं कार्ड आणि पासपोर्टची झेरॉक्स पुरली. तिथली खाडी तुला फार आवडेल. मध्येच एक बेट आहे, ते खलाशांनी वर्षानुवर्षं दगड टाकून टाकून केलेलं, वर देवीचं असावं तसं मेरीचं देऊळ. किल्ल्याच्या तेराशे-साडेतेराशे पायऱ्या मात्र दोघांनीही चढायच्या नाहीत.

बाबा, तुमच्या जनरल नॉलेजसाठी: शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं खेडं आहे, आणि तो करार १४ जून १९८५ ला झाला तो मोझेल नदीतल्या एका बोटीवर, 'प्रिन्सेस मारी-अस्त्रीद' तिचं नाव. पासपोर्टची कटकट संपवायचे कागद बोटीवर सह्या झाले, आणि त्याच वेळी तुमचा पासपोर्ट दम्मामच्या कपाटात पडून होता.

आता खरी गोष्ट. पासपोर्ट दिला तेव्हा त्यांनी पावती दिली, केबिन नंबर आणि सही असलेली. तरी मला रात्री झोप लागेना. शेवटी उठून खाली रिसेप्शनवर गेले. काउंटरला एक मुलगा होता. कार्डावरचं आडनाव वाचून त्याने एकदम मराठीत विचारलं, "काय झालं ताई?" पेडण्याचा निघाला. मी म्हटलं, पासपोर्ट कुठे ठेवता ते दाखव. आत नेता येत नाही म्हणाला, पण दार उघडंच होतं. पूर्वी लायब्ररीत कार्डांचे खण असायचे, तसे लांबट प्लास्टिकचे ट्रे, केबिन नंबराप्रमाणे लावलेले. आपल्या निळ्या पासपोर्टांची रांग लांबूनही ओळखू येत होती.

मी तुमची गोष्ट सांगितली त्याला. का सांगितली माहीत नाही, रात्री दीड वाजता परक्या मुलाला. तो म्हणाला, "माझापण आतच हा. आमचे सगळ्यांचे ऑफिसात असतात." सात महिने झाले होते त्याला बोटीवर चढून. मी विचारलं, घरी काही झालं तर? म्हणाला, गेल्या कॉन्ट्रॅक्टला वडील वारले, तर पासपोर्ट अर्ध्या तासात हातात दिला, तिकीटही काढून दिलं. "पण बोट भर समुद्रात होती ताई. जमीन दोन दिवस लांब." मग तोही अंत्यविधीला पोचला नाही.

हे तुम्हाला सांगू की नको असं झालं होतं. पण ज्याच्या हातात त्या खोलीची किल्ली होती, त्याचाही पासपोर्ट त्याच खोलीत होता, एवढं मला त्या रात्री पुरलं. मी वर जाऊन झोपले. तुम्हाला ते पुरेल का, ते तुम्ही ठरवा.

तुम्ही आईजवळ म्हणालात, की पासपोर्ट आपला नसतोच, सरकारचा असतो, तो दुसऱ्याच्या हातात देणारे आपण कोण. बरोबर आहे, १९६७ च्या कायद्यात तसंच आहे. म्हणून पावती सोडायची नाही. पहिलं पान, शेवटचं पान आणि व्हिसाचं पान, यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढा. एक संच आईच्या पर्समध्ये, एक बॅगेत, आणि फोटो मला पाठवा. आणि बोट चुकली तर काय, हा प्रश्न तुम्ही मीटिंगमध्ये विचारणार होतात म्हणे. सुटायच्या वेळी माणूस परतला नसेल, तर त्याचा पासपोर्ट सहसा बंदरावरच्या एजंटाकडे ठेवून बोट निघते. पण अर्धा-पाऊण तास आधी बोटीवर असायचं, आणि घड्याळ बोटीच्या वेळेवर लावायचं. तुम्ही एसटीच्या वेळेआधी तासभर स्टँडवर बसणारी माणसं, तुमची बोट चुकत नाही.

कार्डाला भोक पाडून दोरी मिळते, ती गळ्यात घाला. त्यानेच खोली उघडते आणि त्यावरच पैसेही लागतात, तेव्हा बाबांनी कॉफी मागायच्या आधी ती फुकट आहे का विचारावं. पासपोर्ट शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी परत देतात. मजल्याप्रमाणे बोलावतात. तिथेच उभं राहून नाव, फोटो आणि व्हिसाचं पान बघून मगच सही करा. मागच्याने घाई केली तरी करू द्या.

शुक्रवारपर्यंत कळवा. पैसे परत मिळतात का ते मी विचारलेलं नाही.

तुमची,
सोनू

ता. क. बाबा, २०२१ च्या पुरात भिजलेला तो जुना पासपोर्ट, वर्तमानपत्राचे कागद घालून पंख्याखाली वाळवलेला, कोपरा कापलेला, तो अजून कपाटात आहे ना? न्यायचा असेल तर न्या. शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा. तो कोणी जमा करून घेणार नाही.