श्राव्य विभागात आलेल्या नव्या रहस्यकथा आणि त्यानिमित्ताने आपणांस आवाहन

सभासद व हितचिंतक यांस सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयाच्या श्राव्य विभागात या महिन्यात २४ नवी बोलकी पुस्तके देवघेवीसाठी दाखल झाली असून त्यांपैकी १७ पुस्तके रहस्यकथा, थरारकथा आणि गुन्हेशोधाच्या कादंबऱ्या आहेत, हे कळविताना कार्यकारिणीला मनापासून आनंद होत आहे. पहिल्याच आठवड्यात २४ पैकी २१ पेनड्राइव्ह घरोघरी गेले आणि आज देवघेव कक्षातील वहीत प्रतीक्षायादीने तीन पाने भरली आहेत. ही यादी पाहून आनंद होतो तसा जीवही टांगणीला लागतो, कारण ती पुरी करण्याइतके पेनड्राइव्ह आपल्याकडे नाहीत, वाचणारे आवाज पुरेसे नाहीत आणि निधीही नाही. म्हणूनच हे आवाहन.

श्राव्य विभाग कसा उभा राहिला हे जुन्या सभासदांना ठाऊक आहेच, तरी नव्यांसाठी ते सांगणे आमचे कर्तव्य आहे. आपल्याच पेठेतील एका शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंच्या यजमानांची दृष्टी काचबिंदूने गेली, तेव्हा बाई त्यांना रोज दुपारी वाचून दाखवीत. पुढे स्वतःचाही घसा साथ देईना म्हणून त्यांनी कॅसेटवर वाचून ठेवायला सुरुवात केली, आणि यजमानांच्या पश्चात त्या सगळ्या कॅसेट, प्रत्येकीवर स्वतःच्या वळणदार अक्षरात पुस्तकाचे नाव व बाजू क्रमांक घालून, एका पत्र्याच्या ट्रंकेतून वाचनालयाला आणून दिल्या. ती ट्रंक आजही ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आहे आणि ध्वनिमुद्रक तिच्यावरच ठेवलेला असतो. खोलीचे दार बाहेरचा आवाज आत येऊ नये असे जाड, आतून कापूस भरून, ज्या सुतारकाकांनी करून दिले, त्यांनी मजुरी तर घेतली नाहीच, पण लाकडाचे पैसे विचारले तेव्हा तीन वेळा विषय बदलला. भिंतींवर घुमारा येत होता, तेव्हा एका आजींनी आपल्या हाताने शिवलेल्या सहा गोधड्या आणून दिल्या. त्या चारही बाजूंनी टांगल्यापासून आवाज कसा स्वच्छ, जवळून बोलल्यासारखा येतो हे प्रत्यक्ष ऐकूनच कळेल. या आजींनी आणि आणखी दोन देणगीदारांनी आपले नाव कोठेही छापू नये अशी अट घातली आहे, ती आम्ही पाळत आहोत; परंतु त्यांचे ऋण मोठे आहे, एवढे लिहिण्याची मुभा त्यांनी द्यावी.

आकाशवाणीतून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ निवेदकांनी सलग दोन उन्हाळे आमच्या वाचकांना आवाजाचे धडे दिले, त्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रहस्यकथा वाचणे हे चरित्र वाचण्यापेक्षा अवघड काम आहे, हे त्यांनीच आम्हाला शिकविले. वाचणाऱ्याला शेवट माहीत असतो आणि तो नकळत आवाजात उतरतो. ज्याच्यावर पुढे आळ जाणार आहे त्याचे साधे ‘चहा घेणार का?’ हे वाक्यसुद्धा वाचक दबक्या स्वरात म्हणतो, आणि डोळस माणसापेक्षा कितीतरी तल्लख कानांचा श्रोता तिसऱ्या प्रकरणातच सारे ओळखतो. ‘खुनी कोण हे तुमच्या आवाजाला माहीत असता कामा नये,’ असे सर सांगत. त्यांनी बसवून घेतलेल्या वाचकांपैकी सात जण आजही नियमित येतात. नव्या १७ रहस्यकथा या सातांच्या आवाजातील आहेत. दारातील पाटी ‘मुद्रण चालू आहे’ अशी फिरविली, पंखा बंद केला, आणि मे महिन्याच्या उकाड्यात घामाने ओली झालेली पाने आवाज न करता उलटत एकेकाने तीन-तीन तास वाचले, तेव्हा कोठे ही पुस्तके आपल्या हाती आली आहेत.

आता थोडे मनातले लिहितो. गेल्या वर्षी याच कामासाठी आम्ही सर्व सभासदांना पत्रे पाठविली होती. उत्तरे अगदी मोजकी आली, आणि आलेल्यांपैकी काहींत ‘धार्मिक ग्रंथ किंवा थोरांची चरित्रे करणार असाल तर देणगी देऊ, खुनाच्या गोष्टींसाठी नाही’ असे स्पष्ट लिहिले होते. एका हितचिंतकांनी तर, अंधांना अशा गोष्टी ऐकवून काय साधणार, असे समक्ष विचारले. देणगीदारांच्या भावनेचा आम्ही आदर करतो, आणि ज्ञानेश्वरीपासून थोरांच्या चरित्रांपर्यंत ध्वनिमुद्रणे आपल्या विभागात आहेत, ती देणगीदारांच्या कृपेनेच आहेत. परंतु काय वाचावे हे डोळस सभासद स्वतः ठरवितो, कपाटासमोर उभा राहून हवे ते पुस्तक काढतो, आणि त्याला कोणी कारण विचारीत नाही. मग ज्याची दृष्टी गेली त्याने काय ऐकावे हे इतरांनी का ठरवावे, हा प्रश्न त्या उत्तरांनी आमच्या मनात कायमचा ठेवला आहे. मनाला लागले, हे लपवीत नाही.

मागणीवही पाहिली तर श्रोत्यांचे म्हणणे उघड दिसते. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर, तसेच आपल्या पुण्याचे सुहास शिरवळकर आणि नारायण धारप ही नावे तीत पानोपानी आहेत. अर्नाळकरांचे नायक झुंजार आणि काळा पहाड ज्यांनी शाळेत असताना भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचले, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. कोणाची नजर मधुमेहाने गेली, कोणाचा हात कंपवातामुळे पुस्तक धरू शकत नाही. रात्री झोप लागत नाही तेव्हा पुढे काय होणार या उत्सुकतेने तास कसा सरतो हे त्यांनीच आम्हाला सांगितले. शिवाय ऐकणाऱ्याला पाने चाळून शेवट आधी पाहता येत नाही, त्यामुळे रहस्यकथेचा खरा आस्वाद कानांनीच मिळतो, असे आमचे अनुभवाने झालेले मत आहे.

या वर्षी घडलेली एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. एका जुन्या कादंबरीचे ध्वनिमुद्रण अखेरच्या टप्प्यावर आले असता आपल्या प्रतीतील शेवटचा फर्मा, म्हणजे नेमकी १६ पाने, नाहीत असे आढळले. जुन्या रहस्यकथा स्वस्त कागदावर, नुसत्या तारेच्या टाचणीने बांधलेल्या असत. टाचणी गंजते आणि आधी शेवटचा फर्मा सुटतो. दरम्यान त्या पुस्तकाचे पहिले भाग एका आजींकडे गेले होते. त्या दर सोमवारी दूरध्वनी करून, तिजोरीची किल्ली कोणी घेतली एवढेच विचारीत. आमच्या दोन कार्यकर्त्यांनी अप्पा बळवंत चौकातील जुन्या पुस्तकांची दुकाने पालथी घातली, आणि तेवीस दिवसांनी एका रद्दीवाल्याकडे धड प्रत मिळाली. त्या दिवशी मुद्रण करून संध्याकाळी पेनड्राइव्ह आजींच्या घरी पोहोचता केला. त्यांनी तो लगेच लावायला सांगितला आणि कार्यकर्त्याला शेवट होईपर्यंत उठू दिले नाही.

एक बोलके पुस्तक करण्यास काय लागते याची कल्पना नसल्यामुळेही कदाचित मदत कमी येत असावी. दोनशे पानांची कादंबरी साधारण सात ते आठ तासांची होते; परंतु अडखळलेली वाक्ये पुन्हा वाचणे, मधले खोकले, कुकरच्या शिट्ट्या आणि भंगारवाल्याच्या आरोळ्या काढून टाकणे, हे धरून एका पुस्तकामागे वीस ते पंचवीस तासांचे काम असते. गणेशोत्सवापूर्वी ढोल-ताशांचा सराव सुरू झाला की संध्याकाळ मुद्रणाला उरत नाही, म्हणून सध्या दुपारी १ ते ४ हीच वेळ हाती आहे आणि नोकरी करणाऱ्या वाचकांना ती जमत नाही.

कायद्याविषयीही विचारणा होते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या सुधारणेमुळे, छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्या दिव्यांग व्यक्तींसाठी नफा न घेता पुस्तकाची श्राव्य आवृत्ती करता येते. याच हेतूच्या मराकेश कराराला २०१४ साली मान्यता देणारा भारत हा जगातील पहिला देश होता, याचा आम्हाला अभिमान वाटतो. मात्र ही सवलत सर्वांसाठी नाही, आणि लेखकाच्या निधनानंतरही ६० वर्षे हक्क कायम राहतात. म्हणून नव्या २४ पैकी ज्या १५ पुस्तकांना लेखकांनी किंवा त्यांच्या वारसांनी उदार मनाने लेखी परवानगी दिली ती सर्व सभासदांना मिळतील, आणि उरलेली ९ केवळ दिव्यांग सभासदांना, प्रमाणपत्राची प्रत जमा केल्यावर मिळतील. कृपया यावरून देवघेव कक्षातील सेवकांशी वाद घालू नये, आणि पेनड्राइव्हवरील मजकुराची नक्कल करून पुढे पाठवू नये. एका जरी लेखकाचा विश्वास गमावला तरी पुढची दारे बंद होतील.

आता गरज. बटणांची, पेनड्राइव्ह लावून ऐकण्याची ६० छोटी यंत्रे प्रत्येकी सुमारे ९०० रुपये, कारण स्पर्शाचा मोबाइल अनेक आजी-आजोबांना वापरता येत नाही. १५० पेनड्राइव्ह प्रत्येकी सुमारे ३०० रुपये. नवा ध्वनिमुद्रक व संपादनासाठी संगणक मिळून ६०,००० रुपये. एकूण १,५९,००० रुपयांपैकी ४१,५०० रुपये जमले आहेत, १,१७,५०० रुपये हवे आहेत. धनादेश वाचनालयाच्या नावे काढून मागे ‘श्राव्य विभाग’ असे लिहावे. कार्यालयातील फलकावरून मोबाइलनेही रक्कम भरता येईल. देणगीस आयकरात सवलत आहे, परंतु २,००० रुपयांहून अधिक रोख रकमेस ती मिळत नाही, हे ध्यानात घ्यावे. पावती त्याच दिवशी मिळेल. पैसे देणे शक्य नसेल त्यांनी माळ्यावरच्या जुन्या रहस्यकथा रद्दीत घालण्यापूर्वी आम्हाला दाखवाव्यात, शेवटचा फर्मा असेल तर अधिकच आनंद. ज्यांना वाचायचे आहे त्यांनी येत्या दोन रविवारी सकाळी १० वाजता आवाज-चाचणीसाठी यावे. उच्चार स्पष्ट हवेत, अनुभव नसला तरी चालेल. घरपोच पेनड्राइव्ह देण्यासाठी कोथरूड, सहकारनगर आणि धायरी भागात दुचाकी असलेले स्वयंसेवक तातडीने हवे आहेत. नव्या पुस्तकांची देवघेव सोमवार ते शनिवार सायंकाळी ५ ते ८, मुदत १५ दिवस, अनामत २०० रुपये, दिव्यांग सभासदांना अनामत नाही.

१५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन, आणि त्याच तारखेस जगभर पांढऱ्या काठीचा दिवसही पाळतात. त्या दिवशी प्रतीक्षायादीतील प्रत्येक सभासदाच्या घरी एक तरी रहस्यकथा पोहोचावी असे कार्यकारिणीने ठरविले आहे. यंत्रांची मागणी त्याआधी तीन आठवडे नोंदवावी लागते, त्यामुळे आपली देणगी २० सप्टेंबरपर्यंत कार्यालयात यावी ही आग्रहाची विनंती.

आपला,
मानद चिटणीस
श्राव्य विभाग समितीकरिता

ता. क. तिजोरीच्या किल्लीची ती कादंबरी आता संपूर्ण आहे. तिच्यासाठी ११ जण थांबले आहेत, आणि पेनड्राइव्ह एकच आहे.