क्यूक्यू प्लॉटवाल्या ताईला जाहीर थँक्यू

ताई,

तुला व्हॉट्सॲपवर थँक्यू टाकलं की तू नुसता अंगठा पाठवतेस आणि विषय संपवतेस, म्हणून मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय, आता पळून दाखव.

मी बायोटेकवाली, स्टॅट्स म्हटलं की पोटात गोळा, आणि गाइडने हातात दिला डायबेटिसचा जीवास (GWAS, अख्ख्या जीनोमभर आजाराशी जुळणारे फरक शोधायचा अभ्यास). म्हणजे हजारो लोकांचा डीएनए, प्रत्येकाचे लाखो स्निप (डीएनएतल्या अशा जागा, जिथे माणसागणिक एक अक्षर बदलतं), आणि दर स्निपला एकच प्रश्न, की हे अक्षर पेशंटमध्ये जास्त दिसतं का कंट्रोलमध्ये, म्हणजे आजार नसलेल्यांत. तू पहिल्याच दिवशी हिशोब मांडलास: दहा लाख टेस्ट केल्या आणि ०.०५ च्या पी-व्हॅल्यूवर, म्हणजे शंभरात पाच वेळा योगायोगाने फसायच्या मुभेवर, समाधान मानलं तर निव्वळ योगायोगाने ५० हजार 'शोध' लागतील, म्हणून ०.०५ ला दहा लाखांनी भागायचं, म्हणजे दहा कोटीत ५. हा कटऑफ मला पाठ होता, पण तो येतो कुठून हे तोपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं.

पण खरे आभार क्यूक्यू प्लॉटचे, म्हणजे नुसत्या योगायोगाने यायला हवेत ते आकडे आणि प्रत्यक्षात आलेले आकडे यांची तुलना करणाऱ्या आलेखाचे. मॅनहॅटन प्लॉटवरचे (ज्यात संबंध जितका ठळक तितका स्निपचा ठिपका उंच) टॉवर बघून आख्खी लॅब खूश, पेपर कुठे पाठवायचा याची चर्चा सुरू, आणि तू त्याकडे ढुंकूनही न बघता म्हणालीस आधी क्यूक्यू काढ. काढला, तर तू स्क्रीनच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलंस. ठिपके तिरक्या रेषेवरून टोकाला सुटायला हवेत, आमचे सुरुवातीपासूनच सुटलेले, लॅम्डा, म्हणजे हा फुगवटा मोजणारा आकडा, १ च्या आसपास हवा तो बराच वर. "एवढे सगळे स्निप साखरेचे असतील का गं? पेशंट कुठले आणि कंट्रोल कुठले, ते विचारून ये."

विचारलं, तर पेशंट बहुतेक शहरातले, कंट्रोल बहुतेक खेड्यांतल्या कॅम्पमधले, समाजही वेगवेगळे. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या जातीतल्या जातीत लग्नं, त्यामुळे एखादं अक्षर एका समाजात सर्रास सापडतं आणि शेजारच्या समाजात कमी, मग त्याचा डायबेटिसशी संबंध असो वा नसो. त्यावर तू २००५ चं ते अमेरिकेतलं उदाहरण दिलंस, जे मी आता भेटेल त्याला सांगत असते: युरोपियन वंशाच्या लोकांत दूध पचवणाऱ्या लॅक्टेज जीनचा उंचीशी जबरदस्त संबंध दिसला, पण उत्तर युरोपातले लोक उंचही जास्त आणि दूध पचवणारेही जास्त, आजी-आजोबा कुठले ते बघून जोड्या लावल्या तर संबंध जवळजवळ गायब. जीन बिचारा निर्दोष!

मग पीसीए (लोकांमधले वंशाचे फरक आकड्यांत पकडायची पद्धत), त्यातले पहिले दहा आकडे, म्हणजे पीसी, मॉडेलमध्ये, जवळचे नातेवाईक सॅम्पलमधून बाहेर, आणि लॅम्डा खाली आला तसे टॉवरही कोसळले. उरला तो टीसीएफ७एल२ जीनमधला सिग्नल, जो भारतीयांमध्ये, पुण्यातल्याच पेशंटवर, २००७ मध्येच दाखवून झालाय. लॅबमध्ये तोंडं पडली. तू मात्र खूश, म्हणे माहीत असलेला सिग्नल परत आला म्हणजे आपली पाइपलाइन शुद्धीवर आहे. असं खूश होणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगू का, अजूनही दुसरं पाहिलेलं नाही.

एफटीओ या जीनचा धडा तर वेगळाच. २००७ मध्ये डायबेटिस शोधताना हा सापडला आणि युरोपियन लोकांत वजनाचा हिशोब धरला की डायबेटिसशी संबंध उरेना, म्हणजे सगळा खेळ लठ्ठपणातून. पण २००९ मध्ये पुण्याचे डायबेटिस संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी आपल्या लोकांत बघितलं तर वजन धरूनही बराच संबंध शिल्लक, त्यामुळे तिकडचं गणित इकडे जसंच्या तसं चिकटवायचं नाही हे तू मला दर मीटिंगला ऐकवायचीस. वर गंमत अशी की सिग्नल बसलाय एफटीओच्या आत पण तो चालवतो लांबच्या आयआरएक्स३ सारख्या जीनना, हे २०१४ च्या सुमारास कळलं. "पोलिसांना मोबाईलचा टॉवर सापडला म्हणजे चोराची खोली सापडली नाही," इति तू. माझ्या थिसिसमध्ये 'डायबेटिसचा जीन' असे शब्द होते तिथे सगळीकडे तू 'या भागातला सिग्नल' करायला लावलंस, तेव्हा जाम वैताग आला होता, आता ज्युनियरच्या ड्राफ्टवर मी तेच करते.

हे सगळं तू स्वतःची थिसिस डिफेन्स तोंडावर असताना केलंस आणि पेपरवर नाव घालू म्हटलं तर "बघू नंतर" म्हणालीस. बघू नाही, घातलंय.

आणि हो, तुझी ती आर या भाषेतली कोडची स्क्रिप्ट दोन ज्युनियरना दिलीय, 'इथे थांब आणि प्लॉट बघ' वाल्या कमेंटसकट. न विचारता दिलीय, रागवू नकोस.

तुझी,
स्टॅट्सला आता जरा कमी घाबरणारी ज्युनियर