वेटिंग लिस्टची पातळी पण रोज कळवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कसबा बावड्यात राहते. माझ्या मुलीचं यंदा बीएस्सी झालं आणि एमएस्सी केमिस्ट्रीला तिचा वेटिंगला ११ वा नंबर लागलाय, त्याला आज १६ दिवस झाले. नाव लागलंच नसतं तर एक दिवस रडून मोकळी झाली असती, लागलं असतं तर पेढे वाटले असते, पण हे धड इकडं नाही की तिकडं नाही. पोरगी फोन उशाला घेऊन झोपते, आवाज फुल्ल ठेवून. परवा मी भाकरी थापत होते, फोन वाजला तशी ती बाथरूममधनं ओल्या पायानं पळत आली, तर पलीकडनं कुणीतरी पर्सनल लोन पाहिजे का म्हणून विचारत होतं. फोन ठेवून तिथंच कट्ट्याला टेकून उभी राहिली. तव्यावरची भाकरी करपली तरी मला काय बोलावं सुचलं नाही.

कॉलेजात जाऊन विचारलं की एकच उत्तर, जागा झाली की फोन करू. कधी होईल? सांगता येत नाही. आत्तापर्यंत किती जणांनी कॅन्सल केलं? सांगता येत नाही. गेल्या वर्षी वेटिंग कितव्या नंबरपर्यंत आली होती? ते बघावं लागेल. खिडकीतल्या माणसावर माझा राग नाही, त्याच्यापुढं रांग असते आणि त्याच्या हातात काही नसतं. पण ही सगळी माहिती ऑफिसात असतेच की, ती बाहेर बोर्डवर लावायला काय अडचण आहे?

आम्ही बावड्याची माणसं, पावसाळ्यात जीव टांगणीला लागणं आम्हाला नवीन नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटावर आली हे दिवसातनं कितीतरी वेळा मोबाईलवर येतं, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे आमच्या गल्लीतल्या बारक्या पोरांना पण पाठ आहे. पूर घरात येणार की नाही हे तेव्हा कुणालाच माहीत नसतं, पण पाणी चढतंय का उतरतंय एवढं कळलं तरी माणूस ठरवतो, जनावरं कधी सोडायची, धान्याची पोती माळ्यावर कधी टाकायची, पाहुण्यांकडं कधी निघायचं. २०१९ ला आणि २०२१ ला आम्ही तसंच केलं. पाणी किती आहे हेच कुणी सांगितलं नसतं तर नुसतं दारात उभं राहून जीव गेला असता. माझी पोरगी आत्ता तशी दारात उभी आहे.

म्हणून सगळ्या कॉलेजांना आणि विद्यापीठाला हात जोडून विनंती, वेटिंग कितीपर्यंत आली हे रोज संध्याकाळी वेबसाईटवर टाका, गेल्या दोन-तीन वर्षांत शेवटचा नंबर कितवा लागला होता तेही टाका, आणि प्रवेश कधी बंद होणार ती तारीख सांगा. गेल्या साली चौथ्या नंबरवरच थांबली होती असं कळलं तर ती रडेल, रडू दे, पण दुसऱ्या दिवशी दुसरीकडं मनापासून जाईल तरी.

दुसरीकडं म्हणजे, एका कॉलेजात तिला सीट मिळत होती. पण तिथं आम्हाला तोंडी सांगितलं की भरलेली फी परत मिळणार नाही आणि ओरिजिनल कागद जमा करावे लागतील, त्या भीतीनं आम्ही आठवडाभर काहीच केलं नाही. नंतर तिच्या एका सरांकडनं कळलं की यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१८ लाच सांगितलंय, ओरिजिनल बघून लगेच परत द्यायची, ठेवून घ्यायची नाहीत. आणि फीचं म्हणाल तर २०२४ च्या प्रवेशांना ३० सप्टेंबरपर्यंत कॅन्सल केलं तर पूर्ण फी परत आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत केलं तर जास्तीत जास्त १००० रुपये कापून, असं त्यांचं पत्रक होतं. तारखा त्या त्या वर्षाच्या असतात, त्यामुळं चालू वर्षाचं पत्रक काढून हातात घेऊनच खिडकीवर जावा. हे आधी माहीत असतं तर पोरीचा एक आठवडा वाचला असता, म्हणून मुद्दाम लिहितेय. आता तिथली सीट घेतलीय.

नातेवाईकांनी रोज फोन करून काय झालं गं ॲडमिशनचं म्हणून विचारू नये, काही झालं की आम्हीच सांगू. आणि ज्या पोरांना झोप लागत नाही, जेवण जात नाही, त्यांनी १४४१६ ला फोन करा, सरकारची टेली-मानस हेल्पलाईन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. त्यात लाजायचं काही नाही.

अजून एक, ज्यांनी दोन-दोन ठिकाणी सीट धरून ठेवल्यात आणि कुठं जायचं ते ठरलंय, त्यांनी दुसरी सीट त्याच दिवशी सोडा. नंतर बघू म्हणून चार दिवस लावता, तेवढ्यात कुणाचं तरी वर्ष जाऊ शकतं. माझ्या मुलीनं कॅन्सलचा अर्ज आत्ताच लिहून फाईलीत ठेवलाय, फक्त तारीख घालायची राहिलीय. फोन आला तर त्याच दिवशी नेऊन देणार, म्हणजे तिथल्या वेटिंगवरच्या पोरीला पण लगेच फोन जाईल.

आपली,
एक आई, कसबा बावडा, कोल्हापूर