लायब्ररी ऑनलाईन करताय? आधी पुस्तकांची यादी कोणाच्या अकाउंटवर आहे ते बघा

संपादक महोदय, नमस्कार.

शाळांच्या लायब्रऱ्यांवर तुमच्या पेपरात लेख आला तो आवडला, पण शेवटी लेखकाने शाळांनी चांगलं सॉफ्टवेअर विकत घ्यावं असं जे म्हटलंय तिथे मला थोडं बोलायचंय. मी काही लायब्रेरियन नाही, पालक आहे, शाळेच्या लायब्ररीचं कॉम्प्युटरचं काम हौसेने बघते.

विकत घ्यायची गरज बहुतेक शाळांना नसतेच हो. कोहा नावाचं अख्खं लायब्ररी सॉफ्टवेअर फुकट आहे, १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका लायब्ररी ट्रस्टने वाय-टू-केच्या (२००० साल लागलं की जुने कॉम्प्युटर प्रोग्रॅम बंद पडतील या) धास्तीने बनवून घेतलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं, आज जगभर चालतंय. पण त्याला सर्व्हर, म्हणजे सतत चालू राहणारा कॉम्प्युटर लागतो आणि तो सांभाळणारा माणूस लागतो, आणि शाळेत नेमका तोच नसतो. त्यामुळे लहान शाळेने कोहाच्या नादी न लागता सरळ गुगल शीट उघडावी असं माझं मत आहे. एक ओळ एक पुस्तक. दाखल क्रमांक (लायब्ररीच्या रजिस्टरमधला पुस्तकाचा नंबर), नाव, लेखक, विषय, कोणत्या कपाटात आहे, बस. ती शीट ‘लिंक असेल तो फक्त बघू शकेल’ अशी शेअर करायची, लिंकचा क्यूआर कोड छापून लायब्ररीच्या दारावर चिकटवायचा, झाली लायब्ररी ऑनलाईन! मुलं घरी बसून बघतात काय आहे काय नाही ते.

आता यातही बारीक बारीक डोकेदुखी आहेच. आयएसबीएनचंच घ्या, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख नंबर. २००७ पासून तो १३ आकडी झाला, त्याआधी १० आकडी होता, आणि शाळेत तर दोन्ही प्रकारची पुस्तकं असतात. नंबर तसाच टाईप केला की १० आकडीच्या सुरुवातीचा शून्य शीट गुपचूप खाऊन टाकते, आणि तीच यादी एक्सेलमध्ये उघडली की १३ आकड्यांच्या जागी ९.७८ई+१२ असलं काहीतरी दिसतं, मग शोधत बसा. म्हणून एकही नंबर टाकायच्या आधी तो अख्खा कॉलम ‘प्लेन टेक्स्ट’ करून घ्यायचा. मोबाईलने बारकोड स्कॅन केला तर टायपिंग वाचतं, आणि तो नंबर ओपन लायब्ररीसारख्या फुकट साईटवर टाकला की बऱ्याच इंग्रजी पुस्तकांची नाव-लेखक माहिती तयार मिळते. मराठी पुस्तकांना मात्र हातानेच टाईप करायची तयारी ठेवा. आणि १९७० च्या आधीच्या, कोणीतरी देणगी दिलेल्या पुस्तकांवर आयएसबीएन शोधू नका, तेव्हा ही पद्धत अजून रुळलीच नव्हती. त्यांना दाखल क्रमांकच खरा.

पण मला ज्यासाठी हे पत्र लिहावंसं वाटलं ते वेगळंच आहे. एका शाळेत मी बघितलंय, उत्साही बाईंनी सगळी यादी स्वतःच्या घरच्या जीमेलवर बनवली, सुंदर बनवली, रंगबिरंगी, मग त्यांची बदली झाली आणि शीटमध्ये एक ओळ वाढवायची तर परवानगी कोणाकडेच नाही. बाई भल्या म्हणून फोनवर सापडल्या. न सापडल्या तर? त्यात गुगलचा नियम आहे की पर्सनल अकाउंट दोन वर्षं उघडलंच नाही तर ते डिलीट होऊ शकतं, डिसेंबर २०२३ पासून तशी सुरुवातही झालीय. शाळा-संस्थांच्या अकाउंटला हा नियम नाही, आणि पात्र शाळांना गुगलचं शैक्षणिक अकाउंट फुकट मिळतं, ते घ्यायला थोडे कागद रंगवावे लागतात म्हणून कोणी घेत नाही. तर पहिलं काम हे करा, यादी शाळेच्या अकाउंटवर आणा आणि निदान दोघांकडे एडिटचा अधिकार ठेवा. सॉफ्टवेअर कुठलं हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

दुसरं, फुकटची साईट कायम राहील असं धरून चालू नका. विकीस्पेसेस नावाची साईट आठवते का कोणाला? कितीतरी शिक्षकांनी त्यावर वाचनयाद्या, प्रोजेक्ट, मुलांची परीक्षणं टाकली होती, २०१८ मध्ये फुकटवाली सेवा बंद झाली. गुगलच्या त्या छोट्या लिंका, गू.जीएलवाल्या, २०१९ ला नवीन बनवणं थांबलं आणि २०२५ मध्ये वापरात नसलेल्या जुन्याही बंद केल्या, म्हणजे कोणी तसल्या लिंकचा क्यूआर पुस्तकांच्या आतल्या पानावर चिकटवून ठेवला असेल आणि मधे बराच काळ तो कोणी स्कॅन केला नसेल तर आता तो चिकटलेलाच राहणार नुसता. भिंतीसारखं दिसायला चांगलं म्हणून पॅडलेट (फोटो-चिठ्ठ्या चिकटवायचे ऑनलाईन फळे, म्हणजे बोर्ड, देणारी साईट) वापरा की, पुस्तकांचे फोटो, मुलांची दोन ओळींची मतं, मस्त दिसतं, पण फुकटात बोर्ड मोजकेच मिळतात आणि मूळ यादी तिथे ठेवायची नाही. दर सत्राला शीट सीएसव्ही (साध्या मजकुराची फाईल) म्हणून डाऊनलोड करून शाळेच्या कॉम्प्युटरवर आणि एका पेनड्राईव्हवर टाकली की झालं. सीएसव्ही कुठेही उघडते, उद्या कोहा घ्यायचं ठरलं तरी तीच यादी कामाला येते.

यादी अशी उघडी असली की खरी मजा दोन शाळांमध्ये येते. एका शाळेकडे एकाच गोष्टीच्या पुस्तकाच्या वर्गभर पुरतील इतक्या प्रती पडून असतात, दुसरीकडे एकच जीर्ण प्रत असते, आणि दोघांना एकमेकांचं माहीतच नसतं. दोन्ही शीट एकमेकांना दिसल्या की महिन्याभरासाठी खोकं इकडून तिकडे जाऊ शकतं. फक्त कोणाकडे कोणतं पुस्तक गेलंय ती शीट वेगळी ठेवा आणि ती उघडी ठेवू नका. मुलांची नावं, वर्ग आणि कोण काय वाचतंय हे कुठल्याही लिंकवर सगळ्या जगाला दिसायचं काही कारण नाही. हे सांगायला लागतं कारण मी स्वतः बघितलंय, पुस्तक राखून ठेवायचा गुगल फॉर्म आणि त्याची उत्तरं सगळ्यांना खुली!

आणि पीडीएफ. ग्रुपवर स्कॅन केलेली पुस्तकं फिरतात आणि लोक ती लायब्ररीच्या ड्राईव्हमध्ये टाकतात, वर म्हणतात शिक्षणासाठीच तर आहे. फुकट मिळालं म्हणजे वाटायची परवानगी मिळाली असं नसतं. ज्या गोष्टी खरंच वाटता येतात त्या कमी आहेत का? स्टोरीवीव्हर नावाच्या साईटवर मराठीसकट कितीतरी भाषांमध्ये मुलांची पुस्तकं आहेत, बहुतेक क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘श्रेय द्या आणि वापरा’ परवान्याखाली, डाऊनलोड करा, छापा, भाषांतरसुद्धा करा, लेखक-चित्रकाराचं नाव तेवढं ठेवा. इंग्रजी जुनी पुस्तकं हवी तर प्रोजेक्ट गुटेनबर्ग हा उपक्रम १९७१ पासून कॉपीराईट नसलेली पुस्तकं फुकट देतोय, फक्त तिथे अमेरिकेचा कॉपीराईट कायदा बघितलेला असतो, आपला नाही, तेवढं तपासून घ्या. शीटमध्ये एक कॉलम वाढवा, ‘ऑनलाईन लिंक’, आणि त्यात ही पुस्तकं कपाटातल्या पुस्तकांच्या शेजारीच लावा म्हणजे मुलाला वेगळीकडे शोधायला नको.

लेखात एक वाक्य होतं की शिक्षकांना वेळ नाही. खरंय, नाहीये. पण यादी एकदमच सगळी पूर्ण व्हायला हवी असं कोणी सांगितलं? ज्या कपाटातली पुस्तकं मुलं सगळ्यात जास्त नेतात तेवढं एक कपाट आधी करा आणि लिंक लगेच लावा, बाकीची कपाटं सुट्टीत, आठवी-नववीची मुलं स्वतःहून येतात स्कॅनिंगला, त्यांना मोबाईल हातात मिळतो ना!

आपली नियमित वाचक,
एक पालक